साध्या पीएचपी संकेतस्थळाचे फ्रेमवर्ककडे क्रमशः स्थलांतर : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

रासमस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी सार्वजनिक केली, तेव्हा वैयक्तिक पानासाठी तयार केलेली काही साधने एवढेच तिचे स्वरूप होते. २००० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीनंतर, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जोडीने, तिचा प्रसार झपाट्याने झाला. महाविद्यालये, ग्रंथालये, पतसंस्था, छोटी नियतकालिके अशा मर्यादित साधनांच्या अनेक संस्थांनी आपली संकेतस्थळे याच भाषेत उभी केली. त्यांपैकी कित्येक आजही चालू आहेत. ती ज्यांनी लिहिली ते अनेकदा संस्था सोडून गेलेले असतात. आज्ञावली मात्र मागे राहते आणि रोज काम करते.

२००५ नंतर केकपीएचपी, कोडइग्नायटर, सिंफनी, झेंड आणि २०११ मध्ये लाराव्हेल अशी फ्रेमवर्क पुढे आली. फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळाचा तयार सांगाडा होय. पत्ता वाचणे, वापरकर्त्याची ओळख पटवणे, डेटाबेसशी बोलणे, पान रंगवणे ही नेहमीची कामे त्यात आधीच बसवलेली असतात आणि आज्ञावली कोठे, कशी लिहावी याची शिस्तही तो घालून देतो. जुने संकेतस्थळ या सांगाड्यावर न्यावयाचे झाल्यास दोन मार्ग संभवतात. सर्व काही बाजूला ठेवून नव्याने लिहिणे हा एक, आणि जुने चालू ठेवून एकेक भाग नव्यात नेणे हा दुसरा. तज्ज्ञांचे मत सामान्यतः दुसऱ्या मार्गाकडे झुकलेले आहे.

प्रस्तुत लेखात या मताची चिकित्सा केली आहे. क्रमशः स्थलांतराचा मार्ग स्वीकारार्ह आहे. तथापि त्याच्या समर्थनार्थ केली जाणारी मांडणी अपुरी आहे. या मार्गाचे यश नव्याने किती लिहिले यावरून नव्हे, तर जुन्यातील किती भाग निर्धोकपणे काढून टाकता आला यावरून मोजले पाहिजे, असे येथील प्रतिपादन आहे.

साध्या पीएचपीचे स्वरूप

साध्या पीएचपी संकेतस्थळात एक पान म्हणजे एक फाइल असते. वाचक ज्या पत्त्यावर जातो, त्याच नावाची फाइल सर्व्हरवर असते. तिच्या आरंभी शीर्षभागाची फाइल जोडलेली असते, मध्ये डेटाबेसला विचारलेला प्रश्न आणि त्याच्या उत्तराभोवती गुंफलेले एचटीएमएल असते, शेवटी तळभागाची फाइल असते. ही रचना शिकण्यास सोपी आहे. एखादी चूक झाल्यास ती कोणत्या फाइलमध्ये आहे हे पत्त्यावरूनच कळते. आज तिच्याविषयी तुच्छतेने बोलले जाते. परंतु ज्या संस्थांना संगणक अभियंता नेमणे शक्य नव्हते, त्यांना संकेतस्थळ मिळाले ते या सोपेपणामुळेच, हे विसरता येत नाही.

या रचनेचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. वापरकर्त्याकडून आलेली अक्षरे न तपासता थेट डेटाबेसच्या प्रश्नात घातली गेली, तर बाहेरच्या व्यक्तीला तो प्रश्नच बदलता येतो. तीच तपासणी चाळीस फाइलींत चाळीस वेळा लिहिली गेली, तर त्यांपैकी एखादीत ती राहून जाते. शिवाय भाषा स्वतः बदलत राहिली. बाहेरून आलेल्या मूल्यांचे आपोआप चलांत रूपांतर करणारी रजिस्टर ग्लोबल्स ही सोय २००२ मध्ये मूळ मांडणीत बंद करण्यात आली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढून टाकण्यात आली. मायएसक्यूएलशी बोलणारी जुनी फलने डिसेंबर २०१५ मधील ७.० आवृत्तीतून वगळली गेली. ५.६ आवृत्तीला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या २०१८ च्या अखेरीस थांबल्या. साहजिकच, २००४ मध्ये लिहिलेले आणि नंतर हात न लावलेले संकेतस्थळ एक तर असुरक्षित सर्व्हरवर चालते, अथवा नव्या सर्व्हरवर चालतच नाही. बदलाची गरज अशी प्रथम सुरक्षिततेतून निर्माण होते. सोय आणि सौंदर्य यांचा विचार त्यानंतरचा.

संपूर्ण पुनर्लेखनाचा पक्ष

सर्व नव्याने लिहावे, हा विचार मोहक आहे. जुनी आज्ञावली वाचणे कष्टाचे असते, नवी लिहिणे आनंदाचे. या मोहाविरुद्धचा सर्वांत प्रसिद्ध युक्तिवाद जोएल स्पोल्स्की यांनी एप्रिल २००० मध्ये मांडला. नेटस्केप या कंपनीने आपला ब्राउझर मुळापासून नव्याने लिहिण्याचा निर्णय घेतला. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी आलीच नाही. सहावी २००० च्या अखेरीस आली आणि तोपर्यंत बाजार हातचा गेला होता. स्पोल्स्की यांच्या मते जुन्या आज्ञावलीतील विचित्र दिसणाऱ्या ओळी म्हणजे वर्षानुवर्षे सापडलेल्या चुकांच्या दुरुस्त्या असतात. त्या फेकून देणे म्हणजे ते ज्ञानच फेकून देणे होय.

हा युक्तिवाद मार्मिक असला तरी एकांगी आहे. नेटस्केपने उघड केलेल्या आणि नव्याने लिहिलेल्या त्याच आज्ञावलीतून पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० हा ब्राउझर साकारला. म्हणजे पुनर्लेखन निष्फळ ठरले नाही. ते ज्या कंपनीने आरंभले, तिला त्याचा उपयोग झाला नाही. मोठी किंमत देऊन दीर्घकाळ थांबण्याची ऐपत कोणाकडे आहे, हा येथील खरा प्रश्न ठरतो. महाविद्यालयासारख्या संस्थेकडे ती ऐपत नसते. प्रवेशाचे दिवस, परीक्षांचे वेळापत्रक, निकाल यांपैकी काहीही नवे संकेतस्थळ तयार होईपर्यंत थांबत नाही. पुनर्लेखन चालू असताना जुन्यातही बदल करावेच लागतात आणि ते नव्यात पुन्हा उतरवावे लागतात. म्हणूनच क्रमशः स्थलांतराचा पक्ष अशा संस्थांसाठी अधिक बळकट ठरतो.

अंजिराच्या रूपकाची चिकित्सा

क्रमशः स्थलांतराची चर्चा बहुधा एका रूपकाच्या आधारे होते. मार्टिन फाउलर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या वर्षावनात आधारवृक्षाला विळखा घालणारे अंजीर-कुळातील वृक्ष पाहिले आणि २००४ मध्ये त्यांवरून एक संकल्पना मांडली. अशा वृक्षाचे बी दुसऱ्या झाडाच्या फांदीत रुजते, मुळे खाली उतरतात, जमिनीत शिरतात आणि कालांतराने आधाराचे झाड मरून अंजिराचा वृक्ष स्वतःच्या पायावर उभा राहतो. नवी आज्ञावली जुनीच्या कडेने अशीच वाढवावी, असे फाउलर सुचवतात.

मराठी वाचकाला हे दृश्य अपरिचित नाही. वड, पिंपळ आणि उंबर ही त्याच कुळातील झाडे. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले बी ताडाच्या झाडावर किंवा पडक्या भिंतीच्या फटीत रुजते, हे सर्वत्र दिसते. परंतु या ओळखीमुळेच रूपकाच्या मर्यादाही लक्षात येतात.

पहिली मर्यादा अशी की, वृक्ष ऊनपावसावर आपोआप वाढतो. आज्ञावली वाढते ती कोणाच्या तरी वेळावर आणि पैशावर. अनुदान संपले, माणूस गेला, की वाढ थांबते. दुसरी मर्यादा अशी की, वेढणारा वृक्ष आधाराच्या झाडाचा रस घेत नाही. तो केवळ आधार घेतो. नवी आज्ञावली मात्र जुनीचाच डेटाबेस, तेच वापरकर्ते आणि त्याच फाइली वापरते. दोहोंचा रस एकच असल्याने एकीतील बिघाड दुसरीत उतरतो. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. वनात आधाराचे झाड मेल्यावर कुजून नाहीसे होते. जुनी फाइल कुजत नाही. तिला कोणी वाचक येत नसला तरी ती सर्व्हरवर राहते आणि तिच्यातील सुरक्षेची फटही राहते. ती काढण्याचे काम निसर्ग करीत नाही, माणसालाच करावे लागते.

जुन्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ हे येथे अधिक समर्पक चित्र ठरते. काही वर्षांनी अशी अवस्था येते की, पिंपळ काढला तर भिंत पडते आणि ठेवला तर भिंत फाटते. अर्धवट राहिलेल्या स्थलांतराची अवस्था नेमकी हीच असते.

स्थलांतराची प्रक्रिया आणि तिच्यातील अडचणी

प्रक्रियेचा आरंभ सामान्यतः प्रवेशद्वारापासून होतो. सर्व्हरच्या मांडणीत बदल करून प्रत्येक मागणी एकाच फाइलकडे वळवली जाते. फ्रेमवर्कला तो पत्ता ठाऊक असल्यास ते उत्तर देते, नसल्यास जुनी फाइल चालवली जाते. सिंफनीच्या अधिकृत मार्गदर्शनात जुन्या संकेतस्थळासाठी असा सेतू बांधण्याची रीत दिलेली आहे. या रचनेत वाचकाच्या दृष्टीने पहिल्या दिवशी काहीच बदलत नाही, आणि हेच तिचे सामर्थ्य होय.

अडचणी त्यानंतर उद्भवतात. जुनी फाइल स्वतंत्रपणे चालते तेव्हा तिची चले सर्वव्यापी असतात. तीच फाइल फ्रेमवर्कच्या एखाद्या फलनाच्या आतून जोडली गेली, तर ती चले त्या फलनापुरती मर्यादित होतात आणि डेटाबेसची जोडणी ‘सापडत नाही’. जोडफाइलींचे सापेक्ष मार्ग चालू निर्देशिका बदलल्याने चुकतात. जुन्या फाइलीत मध्येच आज्ञावली थांबवण्याची आज्ञा असेल, तर फ्रेमवर्कला आपले शेवटचे काम करण्याची संधीच मिळत नाही.

सर्वांत त्रासदायक अडचण ओळखीची असते. जुनी आज्ञावली वापरकर्त्याची नोंद पीएचपीच्या सेशनमध्ये थेट ठेवते. सिंफनी त्याच सेशनमध्ये स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात नोंद ठेवते. लाराव्हेलची सेशनव्यवस्था तर पूर्णतः स्वतंत्र आहे. परिणामी जुन्या पानावर प्रवेश केलेला विद्यार्थी नव्या पानावर अनोळखी ठरतो. यासाठी ओळख पटवण्याचे काम प्रारंभीच एका बाजूकडे सोपवावे लागते आणि दुसऱ्या बाजूने ती ओळख मान्य करावी लागते. जुने परवलीचे शब्द एमडी-५ या आज कमकुवत ठरलेल्या पद्धतीने साठवलेले असल्यास, विद्यार्थी पुढच्या वेळी प्रवेश करील तेव्हा ते नव्या पद्धतीने साठवण्याची सोय करता येते. पीएचपीच्या ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, त्यासाठीची फलने भाषेतच आहेत.

डेटाबेसच्या बाबतीत एक नियम पाळणे हितकारक ठरते : एका तक्त्यात लिहिणारा एकच असावा. वाचणारे दोन चालतील. लिहिणारे दोन असतील, तर तपासणीचे नियम दोन होतात आणि नोंदींवरचा विश्वास उडतो.

मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात ज्या आज्ञावलीला चाचण्या नाहीत ती ‘वारसा’ आज्ञावली, अशी व्याख्या केली. जुने पान काय करावयास हवे होते हे न विचारता ते प्रत्यक्षात काय करते याची प्रथम चाचणीरूपाने नोंद करावी, असे ते सांगतात. ही सूचना मोलाची आहे. शुल्काच्या पानावर एखाद्या प्रवर्गासाठी असलेली विचित्र अट ही चूक आहे की कोणे एके काळी निघालेल्या परिपत्रकाचे पालन आहे, हे आज्ञावली सांगत नाही. ते कार्यालयातील ज्येष्ठ लिपिकाला ठाऊक असते. म्हणून स्थलांतर हे केवळ अभियंत्याचे काम राहत नाही.

मराठी मजकुराचा विशेष प्रश्न

भारतीय भाषांतील संकेतस्थळांपुढे आणखी एक अडचण उभी राहते. मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंच २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ हा होता. अनेक जुन्या आज्ञावल्या मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये पाठवत. डेटाबेस मात्र ती लॅटिन अक्षरे आहेत असे समजून साठवत असे. वाचतानाही तीच गैरसमजूत कायम राहिल्याने पानावर मजकूर बिनचूक दिसे. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. नवे फ्रेमवर्क डेटाबेसशी योग्य अक्षरसंचात बोलू लागताच हे झाकण निघते आणि देवनागरीच्या जागी अनाकलनीय चिन्हांची रांग दिसू लागते.

लांबीचा प्रश्नही असाच आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत. त्यास तीस बाइट लागतात. वीस बाइटांच्या जुन्या रकान्यात त्याची पहिली सहा चिन्हे बसतात आणि सातवे अर्धवट तुटते. असा तुटलेला मजकूर पुन्हा मिळत नाही. म्हणून रकाना प्रथम निव्वळ बाइटांचा करून नंतर योग्य अक्षरसंचाचा करणे, आणि हे सर्व प्रतीवर तपासून पाहणे, ही खबरदारी आवश्यक ठरते. प्रचलित मांडणीत या प्रश्नाला क्वचितच स्थान मिळते. मराठी संकेतस्थळासाठी मात्र ती पहिल्या पायरीवरची बाब आहे.

दोन उदाहरणे

मुक्त स्रोतातील दोन प्रकल्पांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. ड्रुपल या प्रणालीची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी आली. आठव्या आवृत्तीसाठी तिच्या कर्त्यांनी सिंफनीचे घटक स्वीकारले आणि ती १९ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध झाली. रचना आमूलाग्र बदलल्याने सातव्या आवृत्तीसाठी लिहिलेली पूरक आज्ञावली नव्याने लिहावी लागली. हा बदल अमान्य असलेल्यांनी २०१३ मध्येच बॅकड्रॉप ही वेगळी शाखा काढली. सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२१ मध्ये संपावयाचा होता. तो पुनःपुन्हा लांबवून अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. म्हणजे नवे आल्यावरही जुने नऊ वर्षांहून अधिक काळ सांभाळावे लागले.

याच प्रकल्पाने पुढे वेगळी वाट धरली. आठव्या आवृत्तीच्या काळात जे काढावयाचे त्यावर ‘त्याज्य’ अशी खूण करीत राहणे, पर्याय देणे आणि मग काढणे, असे धोरण ठरले. ३ जून २०२० रोजी आलेली ड्रुपल ९.० ही, बाहेरील घटकांच्या नव्या आवृत्त्या सोडल्या तर, प्रामुख्याने ८.९ मधून त्याज्य भाग वजा केलेली आवृत्ती होती. वजाबाकीलाच नव्या आवृत्तीचा मान देणारे हे धोरण विशेष उल्लेखनीय आहे.

पीएचपीबीबी या चर्चापीठाच्या प्रणालीने आरंभापासून सावध वाट घेतली. २०१४ मधील ३.१ आवृत्तीत सिंफनीचे घटक आले. परंतु विषय दाखवणारी व्ह्यूटॉपिक ही जुनी फाइल तशीच राहिली आणि नव्या पानांसाठी स्वतंत्र प्रवेशफाइल दिली गेली. वर्षानुवर्षांचे दुवे त्यामुळे तुटले नाहीत, हा मोठा लाभ. मात्र २०२० च्या ३.३ आवृत्तीतही ती जुनी फाइल आहे. एकाच प्रणालीत दोन पद्धती दीर्घकाळ नांदत राहिल्या, आणि हात लावणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही शिकाव्या लागल्या. पहिल्या उदाहरणात झेप महाग पडली, दुसऱ्यात सावधपणाला शेवट राहिला नाही.

निकषाचा प्रश्न

दुव्यांचे मूल्य महाविद्यालयांना वेगळे सांगावयास नको. नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात ठिकठिकाणी संकेतस्थळावरील कागदपत्रांचे दुवे द्यावे लागतात. मूल्यांकनाच्या काळात असा दुवा मृत आढळला, तर कागद असूनही नसल्यासारखा होतो. म्हणून जुना पत्ता नव्या पत्त्याकडे कायमचा वळवणे हा स्थलांतराचा अनिवार्य भाग मानला पाहिजे.

तथापि दुवे टिकले, नवी पाने दिसू लागली, म्हणजे काम झाले असे समजले जाते, तेथेच चूक होते. प्रत्यक्षात सोपी पाने आधी नेली जातात : संस्थेचा परिचय, प्राचार्यांचे मनोगत, छायाचित्रे. शुल्क, प्रवेश, गुणपत्रक ही अवघड पाने ‘पुढच्या टप्प्यात’ राहतात. पानांच्या संख्येने पाहता बहुतांश काम झालेले असते. धोक्याच्या मापाने पाहता काहीच झालेले नसते, कारण पैसे आणि व्यक्तिगत माहिती अजूनही असुरक्षित फाइलींतूनच वाहते. वर, दोन पद्धतींचा सांभाळ करण्याचा बोजा वाढलेला असतो. पुनर्लेखन फसले तर ते सर्वांना दिसते. क्रमशः स्थलांतर फसले तर ते कोणालाच दिसत नाही, आणि म्हणून त्याचे दायित्वही कोणावर येत नाही. या मार्गाच्या समर्थकांनी या बाजूची पुरेशी दखल घेतलेली नाही.

यावर उपाय म्हणून निकष बदलणे इष्ट ठरेल. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस कोणत्या जुन्या फाइली काढल्या, कोणत्या तक्त्याचा जुना लेखक बंद झाला, याची नोंद व्हावी. नवे पान सुरू झाल्यावर जुने किती दिवसांत काढावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. सर्व्हरच्या नोंदवहीत एखाद्या जुन्या फाइलीला पूर्ण शैक्षणिक वर्षात एकही मागणी आली नसेल, तर ती काढण्यास हरकत नसावी. मात्र कालावधी वर्षाचाच हवा, कारण महाविद्यालयातील काही पाने वर्षातून एकदाच उघडली जातात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. साधी पीएचपी ही हेटाळणीची नव्हे, तर ऐतिहासिक गरजेतून आलेली रचना आहे. तिच्यात संस्थेच्या निर्णयांची स्मृती साठलेली असते. संपूर्ण पुनर्लेखन तत्त्वतः चुकीचे नसले तरी मर्यादित साधनांच्या संस्थांना ते परवडणारे नाही. क्रमशः स्थलांतर त्यांना योग्य आहे. परंतु अंजिराच्या रूपकातून सूचित होणारा आपोआपपणा त्यात नाही. जुने आपोआप गळून पडत नाही.

फ्रेमवर्क बसवणे हा अशा कामाचा आरंभ आहे. प्रवेश आणि शुल्क यांची शेवटची जुनी फाइल ज्या दिवशी सर्व्हरवरून काढली जाते आणि त्यानंतरही प्रवेश सुरळीत चालू राहतात, त्या दिवशी स्थलांतर पूर्ण झाले असे म्हणता येईल. तोपर्यंत संस्थेकडे असतात ती दोन संकेतस्थळे, एकाच नावाची.